लघवीचा संसर्ग आणि क्विनोलोन गोळ्या: जंतू कुठे आहेत, यावर सगळं ठरतं

लघवीला आग होते, दर थोड्या वेळाने जावंसं वाटतं, आणि गेलं तर दोन थेंब होतात. उन्हाळी लागली, म्हणतो आपण. अशा वेळी अनेक वर्षं रुग्णांच्या हातात जी गोळी पडत आली, ती बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन यांपैकी एक असते. ही सगळी क्विनोलोन नावाच्या अँटिबायोटिक कुटुंबातली. दोन दिवसांत आराम पडतो आणि विषय संपतो.

पण गेल्या काही वर्षांतल्या बातम्या वेगळंच सांगतात. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने सांगितलं की, नेहमीची दुसरी अँटिबायोटिक्स चालणार नसतील तरच या औषधांचा विचार करावा. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, २०१६ मध्येच साध्या लघवीच्या संसर्गाबद्दल असा इशारा दिला होता. युरोपीय औषध संस्थेनेही २०१८ मध्ये त्यांच्या वापरावर निर्बंध आणले. साहजिकच लोक गोंधळतात. हे औषध इतकं धोक्याचं असेल तर डॉक्टर अजून का देतात? आणि चांगलं असेल तर हे इशारे कशासाठी?

औषध चांगलंच आहे, फार चांगलं आहे. फक्त ते प्रत्येक उन्हाळीसाठी नाही. ते कधी घ्यावं आणि कधी टाळावं हे मुख्यतः एकाच प्रश्नावर अवलंबून असतं: जंतू मूत्राशयातच थांबले आहेत, की त्याच्याही पलीकडे आत शिरले आहेत?

## लघवीची वाट

रक्त गाळून लघवी तयार होते ती दोन मूत्रपिंडांत, म्हणजे किडन्यांत. तिथून दोन बारीक नळ्यांमधून ती मूत्राशयात उतरते, तिथे साठते आणि मूत्रमार्गाने बाहेर पडते. पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती प्रोस्टेट ही ग्रंथी असते.

संसर्ग बहुतेक वेळा खालून वर चढतो. आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणारा ई. कोलाय हा जंतू मूत्रमार्गाच्या तोंडाशी पोचतो आणि आत सरकतो. साध्या संसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकट्या ई. कोलायमुळे होतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा आणि गुदद्वाराच्या जवळ असतो, म्हणून हा त्रास त्यांना कितीतरी जास्त होतो. साधारण निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. यात अस्वच्छतेचा किंवा लाज वाटण्याचा काही संबंध नाही. शरीराची रचनाच तशी आहे. हे मुद्दाम सांगते, कारण लाजेपोटी अनेक जणी डॉक्टरांकडे जायला उशीर करतात आणि जंतूंना वर चढायला वेळ मिळतो.

जंतू मूत्राशयात असले की आग होते, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं, क्वचित लघवीत रक्तही दिसतं. ताप मात्र सहसा नसतो. तेच जंतू मूत्रपिंडात पोचले की थंडी वाजून ताप येतो, पाठीत बरगड्यांखाली एका बाजूला दुखतं, मळमळ आणि उलट्या होतात. प्रोस्टेटमध्ये संसर्ग झाला तर तापासोबत ओटीपोटात किंवा मांड्यांच्या मध्ये दुखतं आणि लघवी अडकत अडकत होते.

डॉक्टर ज्याला 'साधा' संसर्ग म्हणतात तो म्हणजे मूत्राशयापुरता मर्यादित असलेला, ताप नसलेला, एरवी निरोगी आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचा संसर्ग. पुढे 'साधा' हा शब्द येईल तो याच अर्थाने.

## मलेरियाच्या औषधाशेजारी सापडलेलं कुटुंब

अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत जॉर्ज लेशर आणि त्यांचे सहकारी क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावर काम करत होते. ते बनवताना तयार झालेल्या एका उपपदार्थातून नॅलिडिक्सिक अॅसिड निघालं. १९६२ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. या कुटुंबातलं हे पहिलं औषध. रक्तात आणि शरीराच्या इतर भागांत ते पुरेसं पोचायचं नाही, पण लघवीत भरपूर उतरायचं. म्हणून ते लघवीच्या संसर्गासाठीच वापरात आलं. म्हणजे क्विनोलोन आणि लघवी यांचं नातं अगदी पहिल्या दिवसापासूनचं आहे.

नंतर रसायनशास्त्रज्ञांनी या रेणूला फ्लोरीनचा एक अणू जोडला आणि औषधाची ताकद अनेक पटींनी वाढली. त्यातून आधी नॉरफ्लॉक्सासिन आलं आणि मग सिप्रोफ्लॉक्सासिन. अमेरिकेत सिप्रोला १९८७ मध्ये परवानगी मिळाली. आज आपण 'क्विनोलोन' म्हणतो तेव्हा बहुधा हीच फ्लोरीनवाली औषधं अभिप्रेत असतात. गोळीच्या पाकिटावर छोट्या अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं. त्याच्या शेवटी 'फ्लॉक्सासिन' आलं की ती गोळी याच कुटुंबातली, मग कंपनीने दिलेलं नाव काहीही असो.

## जंतू मरतो कसा

ई. कोलाय लांबीला साधारण दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. त्याच्या पोटातला डीएनएचा धागा सरळ केला तर दीड मिलिमीटरहून जास्त भरेल. एवढा लांब धागा एवढ्याशा जागेत बसवायचा तर पीळ घालूनच बसवावा लागतो.

आता दोन पदरांची वळलेली दोरी डोळ्यांसमोर आणा. एका टोकाचे दोन पदर पकडून वेगळे करायला लागलात की पुढच्या भागातला पीळ घट्ट होत जातो. थोड्या वेळाने दोरी स्वतःभोवतीच गुंडाळते आणि पदर पुढे सुटेनासे होतात. जंतूला दुप्पट व्हायचं असतं तेव्हा डीएनएचे दोन पदर असेच वेगळे करावे लागतात, आणि त्यालाही हीच अडचण येते. त्यासाठी त्याच्याकडे खास विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. ती डीएनए क्षणभर कापतात, कापलेल्या जागेतून दुसरा भाग पलीकडे नेऊन पीळ कमी करतात आणि काप पुन्हा जोडून टाकतात.

क्विनोलोन नेमकं या कापण्या-जोडण्याच्या मधल्या क्षणी घुसतं. कापून झालेलं असतं, पण विकराला पुन्हा जोडता येत नाही. डीएनएवर ठिकठिकाणी असे उघडे काप राहिले की जंतू मरतो. नुसती वाढ थांबवणारी अँटिबायोटिक्सही असतात, हे मात्र थेट मारणारं औषध आहे. माणसाच्या पेशींमध्येही पीळ सोडवणारी विकरं आहेत, पण त्यांची घडण वेगळी असल्यामुळे औषधाच्या नेहमीच्या मात्रेने ती अशी अडकत नाहीत.

## डॉक्टरांना हे औषध इतकं का आवडलं

कारणं खरी आहेत. लेव्होफ्लॉक्सासिनची गोळी गिळली की जवळजवळ सगळं औषध रक्तात उतरतं. सिप्रोचंही साधारण सत्तर टक्के उतरतं. त्यामुळे ज्या आजारासाठी एरवी सलाइन लावून इंजेक्शनं द्यावी लागली असती, तो घरी राहून गोळीने बरा करता येऊ लागला.

दुसरं कारण म्हणजे ही औषधं नुसती लघवीत उतरत नाहीत, मूत्रपिंडाच्या मांसात आणि प्रोस्टेटच्या आतही पोचतात. प्रोस्टेटमध्ये नीट शिरणारी अँटिबायोटिक्स फार थोडी आहेत. तिसरं कारण स्युडोमोनास नावाचा चिवट जंतू. लघवीची नळी बराच काळ घातलेल्या किंवा वारंवार संसर्ग होणाऱ्या रुग्णांत तो सापडतो, आणि त्याच्यावर पोटातून घेता येणारं औषध म्हणजे जवळपास फक्त सिप्रो आणि लेव्होफ्लॉक्सासिन.

या कुटुंबातली सगळी औषधं मात्र सारखी नाहीत. नॉरफ्लॉक्सासिन लघवीत चांगलं उतरतं पण मूत्रपिंडाच्या आत पुरेसं पोचत नाही, त्यामुळे तापाच्या संसर्गाला ते योग्य नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिनचं उलट आहे: फुफ्फुसात उत्तम पोचतं, पण लघवीत फार कमी येतं, म्हणून लघवीच्या संसर्गासाठी ते वापरत नाहीत. एका गोळीऐवजी दुसरी 'त्यातलीच' म्हणून घेणं यामुळेच चुकीचं ठरतं.

## मग साध्या उन्हाळीला नको का म्हणतात?

कारण मूत्राशयातले जंतू लघवीत तरंगत असतात किंवा अस्तराला चिकटलेले असतात. त्यांना मारायला औषध लघवीत पोचलं तरी पुरतं. मूत्रपिंडाच्या मांसात आणि प्रोस्टेटमध्ये शिरण्याची क्विनोलोनची जी मोठी ताकद, तिची इथे गरजच पडत नाही. ते सगळ्या शरीरात जातं ते मात्र जातंच, आणि त्यासोबत येणारे धोकेही येतात.

२००८ मध्ये एफडीएने या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला. तिथला हा सगळ्यात गंभीर प्रकारचा इशारा असतो. विषय होता कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा जाड पट्टा, जाड शिरेसारखा भासणारा. या गोळ्यांमुळे कंडरेला सूज येऊ शकते, ती फाटूही शकते, आणि सर्वांत जास्त धोका टाचेमागच्या कंडरेला असतो. २०११ मध्ये मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायू थकवणारा आजार असलेल्यांसाठी इशारा जोडला गेला. २०१३ मध्ये नसांना इजा होऊन हातापायांत मुंग्या, जळजळ आणि बधिरपणा येण्याबद्दल ठळक सूचना आली, आणि हा त्रास कायमचा राहू शकतो हेही स्पष्ट केलं गेलं. २०१६ चा साध्या संसर्गाबद्दलचा इशारा वर आलाच आहे. २०१८ मध्ये आणखी दोन आले: रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाणं आणि मनावर होणारे परिणाम, आणि महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, फुगलेली असलेल्यांमध्ये ती फाटण्याचा धोका.

हे सगळं क्वचित घडतं, ही गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. पण औषध द्यायचं की नाही हे ठरवताना धोका आणि फायदा दोन्ही मोजावे लागतात. मूत्राशयाचा साधा संसर्ग त्रासदायक असला तरी जिवावर बेतणारा नसतो, आणि त्याला दुसरी, पुरेशी चांगली औषधं आहेत. तिथे कायमची इजा करू शकणारा धोका, अगदी लहान असला तरी, पत्करायला कारण उरत नाही. मूत्रपिंडाच्या संसर्गात जंतू रक्तात पसरू शकतात. तिथे तोच लहान धोका घेणं शहाणपणाचं असतं.

## 'आमच्याकडे सगळ्यांनी घेतली, कुणालाच काही झालं नाही'

हे ऐकू येतंच, आणि ते खोटं नाही. बहुतेकांना खरोखर काहीच होत नाही. पण धोका सगळ्यांना सारखा नसतो. साठीच्या पुढचं वय, सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा आजार, किंवा मूत्रपिंड, हृदय, फुफ्फुस यांचं प्रत्यारोपण झालेलं असणं, यांत कंडरेचा धोका बराच वाढतो. आणि लघवीचे संसर्ग वारंवार होणारी माणसंही बहुतेकदा हीच असतात. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइड घेणाऱ्या आजीला उन्हाळी लागते, तेव्हा तरुण शेजारणीला जी गोळी सोसली ती तिलाही सोसेलच, असं धरून चालता येत नाही. ज्याला गरज जास्त त्यालाच धोकाही जास्त, ही या औषधाची मला सगळ्यात खटकणारी गोष्ट आहे.

शिवाय त्रास नेहमी गोळी घेतल्या घेतल्या दिसत नाही. कंडरेचं दुखणं पहिल्या दोन दिवसांतही सुरू होऊ शकतं आणि औषध संपल्यानंतर काही महिन्यांनीही. तेव्हा टाच दुखली तर कुणाला त्या जुन्या गोळ्या आठवणार?

## जंतू शिकतात, आणि ते लघवीपुरतं राहत नाही

साध्या उन्हाळीला हे औषध टाळण्याचं दुसरं कारण एका रुग्णापुरतं नाही. क्विनोलोन ज्या विकरात अडकतं त्याच्या घडणीत एक छोटा बदल झाला की औषधाची पकड सैल होते. असे एकदोन बदल साठले की औषध लागू पडेनासं होतं. काही जंतू औषध आत येताच बाहेर फेकणारे पंप वाढवतात. १९९८ मध्ये आणखी एक चिंतेची गोष्ट नोंदवली गेली: प्रतिकाराचं जनुक डीएनएच्या सुट्या वर्तुळावर बसून एका जंतूकडून दुसऱ्याकडे, वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जाऊ शकतं.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गोळी तुम्ही लघवीसाठी घेता, पण ती आतड्यातल्या अब्जावधी जंतूंनाही गाठते. तिथले साधे जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात. पुढचा लघवीचा संसर्ग होतो तो आतड्यातल्याच जंतूंकडून, आणि आता ते आधीच तयार असतात. म्हणूनच गेल्या काही महिन्यांत यातलं औषध घेतलं होतं का, हे डॉक्टर विचारतात. विचारलं नाही तर आपण सांगावं.

क्षयरोगाचाही यात संबंध येतो. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही महत्त्वाची अस्त्रं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा क्षयासाठी शिफारस केलेल्या सहा महिन्यांच्या उपचारात मॉक्सिफ्लॉक्सासिन आहे. ज्याला क्षय आहे पण अजून कळलेलं नाही, त्याने दुसऱ्याच कारणासाठी क्विनोलोन घेतलं तर क्षयाची लक्षणं काही काळ दबतात, निदान लांबतं, आणि क्षयाचे जंतू या औषधाला सरावू शकतात. याच संघटनेने अँटिबायोटिक्सची जी वर्गवारी केली आहे तीत साध्या संसर्गासाठी वापरायचं नायट्रोफ्युरँटॉइन 'अॅक्सेस' गटात आहे, म्हणजे आधी वापरावं असं. सिप्रो 'वॉच' गटात आहे, म्हणजे जपून वापरावं असं.

## 'जुन्या औषधांनी खरंच गुण येतो का?'

नायट्रोफ्युरँटॉइन १९५० च्या दशकापासून वापरात आहे. इतकं जुनं औषध अजून लागू पडतं हे ऐकून लोकांना शंका येते. पण त्याचं जुनेपण हा त्याच्या बाजूचा पुरावाच आहे. ते जंतूत एकाच जागी न अडकता एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे एखाददुसऱ्या बदलाने जंतूची सुटका होत नाही. शिवाय रक्तात ते फारसं साठत नाही, झपाट्याने लघवीत उतरतं. मूत्राशयासाठी हे अगदी हवं तसं, आणि याच कारणाने मूत्रपिंडाच्या संसर्गाला ते निरुपयोगी. साध्या संसर्गाला सहसा पाच दिवस देतात. ते जेवणासोबत घ्यायचं असतं, आणि त्याने लघवी पिवळसर तपकिरी झाली तर घाबरायचं नाही. मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलं असेल, जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असेल, किंवा गरोदरपणाचे अखेरचे दिवस असतील तर ते टाळतात.

फॉस्फोमायसिन ही तीन ग्रॅमची पूड पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायची असते. ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथोक्साझोल यांची जोडगोळीही चालते, पण त्या भागातले जंतू तिला अजून दाद देत असतील तरच आणि सल्फाची अॅलर्जी नसेल तरच. युरोपात अनेक वर्षं वापरात असलेल्या पिव्हमेसिलिनॅमला अमेरिकेत २०२४ मध्ये परवानगी मिळाली. २०२५ मध्ये तिथे साध्या संसर्गासाठी जेपोटिडॅसिन हे नवं औषध मंजूर झालं. तेही पीळ सोडवणाऱ्या त्याच विकरांवर काम करतं, पण क्विनोलोनपेक्षा वेगळ्या जागी बसतं. म्हणून क्विनोलोनला सरावलेल्या अनेक जंतूंवरही ते चालतं.

## जिथे क्विनोलोनच हवं

थंडी वाजून ताप, बरगडीखाली दुखणं, उलट्या: अशा वेळी मूत्रपिंडाच्या आत पोचणारं औषध लागतं. तोंडाने औषध घेता येत असेल आणि जंतू क्विनोलोनला दाद देणारे असतील, तर सिप्रो किंवा लेव्होफ्लॉक्सासिन हा उत्तम पर्याय आहे. २०१० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी एक व्यवहारी सीमा आखली होती: परिसरातल्या जंतूंपैकी दहा टक्क्यांहून जास्त जंतू क्विनोलोनला जुमानत नसतील तर फक्त गोळीवर विसंबू नये, सुरुवातीला वेगळ्या औषधाचं इंजेक्शनही द्यावं. अनेक ठिकाणी ही सीमा केव्हाच ओलांडली गेली आहे. म्हणून तापाच्या रुग्णाला डॉक्टरांनी आधी इंजेक्शन सुचवलं तर त्यामागे हे कारण असू शकतं. रक्तदाब घसरला, रुग्ण बरळू लागला, श्वास जोरात चालू लागला, तर मात्र गोळ्यांचा विचार सोडून थेट रुग्णालय गाठावं.

प्रोस्टेटचा संसर्ग, लघवीच्या कल्चर तपासणीत सापडलेला स्युडोमोनास, किंवा इतर औषधांची गंभीर अॅलर्जी, यांतही हे औषध योग्य ठरतं. प्रोस्टेटच्या संसर्गात उपचार काही आठवडे चालतो, आणि तो मध्येच सोडला तर संसर्ग उलटण्याची शक्यता फार.

मुलांमध्ये आणि गरोदरपणात ही औषधं सहसा टाळतात, कारण वाढत्या वयाच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत सांध्यांच्या कूर्चेला इजा दिसली होती. गुंतागुंतीच्या संसर्गात पर्याय नसेल तर तज्ज्ञ मुलांनाही देतात.

## कल्चरचा कागद

कल्चर म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून, ते कोणते आहेत आणि कोणत्या औषधाने मरतात हे पाहणं. पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत धरायची, आणि ती अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. आधी गोळी आणि मग कल्चर असं केलं तर जंतू वाढतच नाहीत आणि कागद कोरा येतो. निकालाला एक ते तीन दिवस लागतात. साध्या संसर्गात दर वेळी कल्चर लागत नाही. ताप असेल, पुरुष असेल, गरोदर स्त्री असेल, किंवा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर ते करायलाच हवं.

अहवालात औषधांची यादी असते आणि पुढे एस किंवा आर असं लिहिलेलं असतं. एस म्हणजे जंतू या औषधाला दाद देतात, आर म्हणजे देत नाहीत. सिप्रोपुढे एस दिसलं की लोक म्हणतात, मग हेच घेऊ. पण नायट्रोफ्युरँटॉइनपुढेही एस असेल आणि ताप नसेल, तर तेच घ्यावं. एस एवढंच सांगतो की औषध चालेल. कोणतं निवडावं हे तो सांगत नाही.

आणि कागदावर जंतू आहेत म्हणून उपचार हवाच, असंही नाही. वयस्कर माणसांच्या लघवीत, विशेषतः नळी घातलेली असेल तर, जंतू नेहमीच सापडू शकतात. लघवी गढूळ असणं किंवा तिला वास येणं हा एकट्याने संसर्गाचा पुरावा नाही. आग नाही, ताप नाही, दुखत नाही, तर अँटिबायोटिक द्यायचं नसतं. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधीचे रुग्ण एवढेच काय ते अपवाद. माझ्या मते क्विनोलोनचा सर्वांत टाळता येण्याजोगा गैरवापर होतो तो इथे: काहीही त्रास नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला, फक्त अहवालावर उपचार म्हणून दिलेल्या गोळ्या.

## गोळी चालू असताना

डॉक्टरांनी विचारपूर्वक हे औषध दिलं असेल तर ते नीट घ्यावं. कॅल्शियम, लोह, जस्त आणि अॅसिडिटीवरच्या औषधांतलं मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियम या औषधाला पोटातच बांधून टाकतात आणि ते रक्तात पोचत नाही. म्हणून सिप्रो अशा गोळ्यांच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं. नुसत्या दुधाच्या पेल्यासोबतही घ्यायचं नाही. कित्येकदा 'औषध लागू पडलं नाही' यामागे लोहाची गोळी असते.

स्नायू सैल करणारं टिझानिडिन सिप्रोसोबत अजिबात चालत नाही. दम्यावरचं थिओफिलिन आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन यांची पातळी किंवा परिणाम वाढतो. मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर अचानक खाली जाऊ शकते. हृदयाच्या ठोक्यांच्या काही औषधांसोबतही धोका वाढतो. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणं म्हणूनच आवश्यक. कडक उन्हात त्वचा भाजल्यासारखी लाल होऊ शकते, तेव्हा अंग झाकावं. या दिवसांत अचानक जोराचा व्यायाम सुरू करू नये.

## 'बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करायचा ना?'

डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्यायचं, हो. पण ते दिवसच आता कमी झाले आहेत. मूत्रपिंडाच्या संसर्गाला पूर्वी दोन आठवडे क्विनोलोन द्यायचे, आता बहुधा पाच ते सात दिवस पुरतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताप नसलेल्या पुरुषांना सात दिवस आणि चौदा दिवस असे दोन प्रकारे उपचार दिले गेले, आणि सात दिवसांचे परिणाम चौदा दिवसांइतकेच चांगले निघाले. जास्त दिवस घेतल्याने आतड्यातल्या जंतूंना सराव तेवढा जास्त होतो. तेव्हा चौदा दिवसांची चिठ्ठी दिसली तर इतके दिवस खरंच लागतील का, असं विचारायला संकोचू नये. उरलेल्या गोळ्या पुढच्या उन्हाळीसाठी जपून ठेवू नयेत. दुसऱ्याला तर देऊच नयेत.

## गोळी थांबवून डॉक्टरांकडे कधी जायचं

टाचेमागे, खांद्यात, मनगटात किंवा अंगठ्यापाशी दुखू लागलं किंवा सूज आली, तर पुढची गोळी घ्यायची नाही. त्या भागाला विश्रांती द्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा, छातीत, पोटात किंवा पाठीत अचानक उठलेली तीव्र कळ, छातीत धडधड, चक्कर, दरदरून घाम आणि थरथर, गोंधळलेपणा किंवा भास, अंगावर पुरळ, पाण्यासारखे जोराचे जुलाब: यांतही तसंच. कळ तीव्र असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर डॉक्टरांच्या वेळेची वाट न पाहता तातडीच्या विभागात जायचं. मूळ संसर्ग अर्धवट राहू नये म्हणून डॉक्टर दुसरं औषध सुरू करतात. म्हणून गुपचूप गोळ्या सोडून घरी बसणं हा मार्ग नाही.

असा त्रास एकदा झाला की तो एका गोळीपुरता मानायचा नाही. सिप्रोने कंडरा दुखावली असेल तर लेव्होफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन हा त्याला पर्याय होत नाही, कारण हा धोका सगळ्या कुटुंबाचाच आहे. काय झालं, कोणत्या गोळीने झालं आणि किती दिवसांनी झालं हे आपल्या कागदपत्रांत लिहून ठेवावं आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना स्वतःहून दाखवावं, मग आजार छातीचा असो, पोटाचा असो की पुन्हा लघवीचाच.